पाळण्याचा हार

मी वारलो त्या सकाळी माझी प्रकृती उत्तम होती. पोटभर पोहे खाऊन मी नुकताच हात धुतला होता.

सविस्तर सांगतो. बंगळुरूला लेकीला मुलगी झाली. आमची मंडळी बाळंतपणासाठी तिकडे गेली ती तिकडचीच झाली. संत तुकाराम नगरातल्या फ्लॅटमध्ये उरलो मी आणि फ्रिज. (त्यातल्या त्यात फ्रिज जास्त बोलायचा.) आता बारसंही तिकडेच करायचं घाटत होतं. मला ते सोसेना. बारसं इथे झालं तर बायको येईल, नात येईल, घरात माणसांचा आवाज येईल! मग मी ठरवलं, परस्पर इथला पत्ता घालून अशी हलतीडुलती पत्रिका पाठवायची की सगळे नातेवाईक 'येतो' म्हणतील आणि लेकीला मोडता घालता येणार नाही.

त्यासाठी लॅपटॉप उघडून ॲनिमेशन शिकायला बसलो. मोबाइलवरचा मास्तर प्रत्येक धडा 'नमस्ते दोस्तों' म्हणून सुरू करायचा. दिवसभरात मला दोस्त म्हणणारा तो एकटाच, म्हणून मी एकेक धडा पुन्हा पुन्हा बघायचो. खाली टाइमलाइन नावाची पट्टी असते. प्रत्येक चित्राचा वेगळा थर. हार सुरुवातीला वर ठेवून एक खूण करायची, थोडं पुढे जाऊन पाळण्यावर ठेवून दुसरी खूण करायची. मधला प्रवास हार आपला आपण करतो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात होतो. म्हटलं, ही तर आपली असेंब्ली लाइन!

पाळणा घेतला, झेंडूचा हार घेतला, समई घेतली. कोपऱ्यात निमंत्रक म्हणून माझा फोटो. खाली पत्ता आणि 'अगत्य येण्याचे करावे'. 'बारसं' असं वेगळं लिहिलं नाही; पाळणा दिसतोय की! काम संपता संपता, पट्टीच्या शेवटाला, फोटो सरळ आहे का बघायला गेलो तर हार आणि समई मध्ये यायला लागली, म्हणून दोन्ही जरा इकडेतिकडे ओढून बघितली. आपोआप खुणा करणारं बटण चालूच होतं, हे मला कुठे ठाऊक! मी जे जे हलवलं ते त्या लॅपटॉपनं निमूटपणे लक्षात ठेवलं. वर पाळण्याचा थर पट्टीच्या टोकापर्यंत ओढायचा राहिला, तो वेगळाच.

मग तपासणी. कंपनीतली माझी सवय अशी, की पहिला पीस ओके निघाला की लॉट सोडायचा. मी सुरुवात बघितली. हार झुलत झुलत पाळण्यावर बसला. झकास! दिला सोडून भावकीच्या ग्रुपवर, आणि पोहे करायला गेलो.

ग्रुपवरच्या लोकांनी मात्र शेवटपर्यंत बघितलं. पाळणा नाहीसा झाला. हार उठला, तरंगत कोपऱ्यात आला आणि माझ्या फोटोला बसला! समई फोटोपुढे येऊन थांबली. अक्षरं तशीच होती: अगत्य येण्याचे करावे.

आणि लोक अगत्यानं आले! दारात चुलतभाऊ ज्ञानोबा, डोक्याला पांढरी टोपी, मागे जिना भरून गाववाले.

"दादा?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी हाय व्हय?"

"हाय की!"

"मंग त्यो ग्रुपवर हार?"

"अरे, बारशाचं आमंत्रण आहे ते!"

तो जिन्यात वाकून ओरडला, "रडू नगा रं! दादा जित्ता हाय!"

खालून कुणीतरी विचारलं, "मंग आता वर यायचं का न्हाई?"

"या, या!" मी म्हटलं. सतरंजी अंथरली, खुर्च्या ओढल्या. घर कसं गच्च भरलं! तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, तुम्ही आहात ना?"

"आहे."

ती हुंदके देऊन रडली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! संधी साधून मी हळूच विचारलं, "मग येतेस?"

"आता कशाला? बरे आहात ना?" तिनं नाक ओढलं. "आणि बारसं इथेच आहे हो. पत्ता बदलून पुन्हा पाठवा. हार तेवढा बघा!"

मी फोन ठेवला. वाईट वाटलं. पण घरात माणसं होती, म्हणून आधी मोठ्या पातेल्यात चहा टाकला. ट्रे घेऊन बाहेर आलो तर सतरंजी रिकामी! दारात ज्ञानोबा चपला घालत होता.

"अरे, बस की जरा. चहा झालाय."

"बसलो असतो, दादा. पन समदेच कंपनीत मयताची रजा सांगून आलोय. तुमी तर असं! आता जित्त्या मानसापाशी बसलो तर सायब खोटी रजा म्हनंल. दुपारची शिफ्ट गाठतो."

त्याचंही खरंच होतं. तो गेला. मी भरला ट्रे धरून उभा, आणि मनात आलं, लेका, घाई केलीस. आणखी तासभर मेलेला राहिला असतास तर चहाला सोबत तरी झाली असती!