आगपेटी, नग एक

"थांबा. आधी म्हातारीला विचारू."

एवढं बोलून चाचा शर्टाच्या खिशातून आगपेटी काढायचे. तेही जंगलाच्या तोंडाशी, वाळलेल्या गवतात गुडघाभर उभे राहून. नवीन माणूस दचकायचाच. पण पेटीतून काडी निघायची नाही. निघायची रुईची म्हातारी, लहानपणी तुम्हीही फुंकर मारून उडवली असेल ती. चाचा तिला दोन बोटांत धरून डोक्याच्या वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. ती जाईल तिकडे मान वळवून बघत राहायचे. मागे पंधरा जणांची टोळी वाट बघत उभी असायची. मग पेटी बंद करून चाचा एकच शब्द बोलायचे, "चला." नाहीतर दोन, "आज न्हाई."

वणवा विझवणाऱ्या टोळीचे ते मुकादम. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा कागदावर लिहिलंय, तेवढं पुरे.

उन्हाळ्यात सेनगावच्या बाजूने कधी जीपने गेला असाल, तर ते तुम्हाला दिसलेही असतील. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला ओला पंचा, सायकलच्या दांडीला बांधलेली निंबाची हिरवी डहाळी. ही डहाळी म्हणजे त्यांचं हत्यार. वनखात्याच्या ऑफिसने हवा फेकणारी दोन यंत्रं दिली होती. चाचा ती टोळीतल्या तरुणांना द्यायचे आणि स्वतः डहाळी घ्यायचे. "यंत्राला पेट्रोल लागतं. हिला फक्त हात लागतो," म्हणायचे.

मी त्या ऑफिसात कंत्राटी संगणक चालक आहे. उपग्रहाला कुठे आग दिसली की माझ्या फोनवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश येतात. ते मुकादमाला कळवायचे, त्यांच्याकडून फोटो मागवायचे आणि वर पाठवायचे, हे माझं काम. मी हिंगोलीत इंग्रजी शाळेत शिकले. अनोळखी माणसाशी फोनवर मराठीत बोलायचं तर मला अजूनही वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. पहिल्या दिवशी मी चाचांना फोन लावून सगळे आकडे दशांशासकट वाचून दाखवले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बेटा," शेवटी ते म्हणाले, "हे आकडे आगीला ठाऊक हायेत का?"

"नाही."

"मग मला काहून सांगून राहिली? गाव सांग. गावाच्या कोन्त्या अंगाला, ते सांग."

मी नकाशा मोठा करून गाव सांगितलं. ते म्हणाले, "हां. दोन पळसाच्या वर." आणि फोन ठेवला. नकाशावर तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी पेन्सिलीने 'दोन पळस' लिहिलं. वर्षभरात त्या नकाशावर कोल्ह्याची धार आली, बुडकीचा नाला आला, सासूचा उतार आला. सासूचा का, असं मी विचारलं होतं. "चढताना गोड वाटतो, उतरताना जीव घेतो," ते म्हणाले. मी हसले. ऑफिसात मी सहसा हसत नाही.

पेटीची गोष्ट त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली. फोटो कसे काढायचे ते टोळीला दाखवायला मी डोंगरापाशी गेले होते. चाचांनी एका डब्यात सगळ्यांच्या बिड्या आणि काड्यापेट्या गोळा करून डबा बाभळीला टांगला होता. आणि यांच्याच खिशात आगपेटी! मी मागे सरकले. त्यांनी ती उघडून माझ्या तळहातावर ठेवली. आत दाबून भरलेलं पांढरं रेशीम.

"माझा बाप पिंजारी होता," ते म्हणाले. "घरभर कापूस उडायचा. कोन्त्या फटीतून वारा घुसून राहिला, ते कापूस सांगायचा. मानूस वाऱ्याबद्दल खोटं बोलतो बेटा, कापूस न्हाई बोलत."

"पण आगपेटीतच का?"

"खिशात चुरगळत न्हाई. बराबर मापाची हाये." मग थोडं लाजून म्हणाले, "आन् काड्या काढून टाकलेली पेटी म्हंजे दात काढलेला साप. खिशात असली की मला बरं वाटतं."

वणवा विझवण्यापेक्षा तो लागू न देण्यात त्यांचा जास्त वेळ जायचा. तुरीची कापणी झाली की शेतकरी धुरे, म्हणजे शेताचे बांध, पेटवून साफ करतात आणि तिथूनच आग डोंगरावर चढते. चाचा गावोगाव फिरून सांगायचे, धुरा पेटवा, पण मला बोलावून पेटवा. खरंच जायचे. धुऱ्याच्या टोकाला डहाळी घेऊन बसायचे आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत उठायचे नाहीत. लोक चिडवायचे. एकाने पारावरून ओरडून विचारलं होतं, "चाचा, घरी चूल पेटवायची हाये, येता का?"

"येतो की. पन चहा पाजावा लागंल."

त्या गावातल्या पारावरच त्यांनी पुढे काय काय ऐकलं, ते मला किसनने सांगितलं. पण ते नंतर.

किसन टोळीतला सगळ्यात चपळ गडी. आगीच्या फार पुढे पळायचा आणि त्यावरून रोज बोलणी खायचा. चाचांचा एक नियम होता: एक पाय कायम जळालेल्या जमिनीवर पाहिजे. आग एकदा येऊन गेलेली जागा पुन्हा जळत नाही. "काळ्यात राहा रे," ते ओरडायचे. "काळं आपलं, पिवळं आगीचं. किसन, पिवळ्यात काय तुझं लगीन लागून राहिलं?"

आता जाळरेषेबद्दल सांगते. उन्हाळा तापायच्या आधी जंगलाच्या कडेने गवताचा एक पट्टा आपणच जाळून ठेवायचा, म्हणजे पुढे वणवा आला तरी तिथे अडतो. हीच जाळरेषा. चाचा हे काम फक्त सकाळी दव असताना किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर करायचे. कितीही उशीर झाला तरी चालेल म्हणायचे. पण त्या वर्षी जाळरेषेच्या फोटोंची मुदत आली होती, मुदतीचा तो शेवटचा दिवस होता आणि फोटोत जाळ स्पष्ट दिसायला हवा होता. दुपारी आमच्या ऑफिसचे साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मुकादमाला फोन लावा. पाचच्या आत फोटो पाहिजेत."

मी लावला.

"म्हातारी डोंगराकडं पळून राहिली बेटा," चाचा म्हणाले. "आता काडी लावली तर पट्टा न्हाई जळणार, डोंगर जळंल. सांजच्याला करतो. साहेबाला सांग, आज दुपारी न्हाई."

मी साहेबांना सांगितलं, "सर, ते म्हणतात वारा आहे." एवढंच. डोंगर जळेल, हे मी सांगितलं नाही. मनात वाक्य जुळवेपर्यंत साहेब जीपकडे निघालेही होते.

पुढचं मला टोळीतल्या माणसांनी सांगितलं. साहेबांनी चाचांना बाजूला उभं केलं आणि किसनच्या हातात मशाल दिली. किसनने चाचांकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पेटवलं. दहा मिनिटांत आग पट्टा सोडून वर चढली. किसन नेहमीसारखा पुढे पळाला आणि गवतात अडकला. चाचांनी त्याला काखेत धरून काळ्यात ओढून आणलं. त्याच्या पोटऱ्या भाजल्या. अंधार पडायच्या आत आग आटोक्यात आली. पण तोवर सासूचा उतार आणि त्याखालचं तीन वर्षांचं रोपवन गेलं होतं. त्या रोपांना आळी करताना चाचांना मी पाहिलं होतं.

पाचच्या आत फोटो मात्र आला होता. जाळ स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी झाली. साहेब खुर्चीत, भिंतीला लागून टोळी उभी, किसनच्या पायांना पट्ट्या आणि मी संगणकापाशी. साहेब सांगत होते, मी टाइप करत होते. 'जाळरेषेचे काम सुरू असताना...' इथपर्यंत ते खरंही होतं. पुढे मुकादमाच्या काडीने गवत पेटल्याचं आलं.

"खिसे रिकामे करा," साहेब म्हणाले.

चाचांनी टेबलावर रुमाल ठेवला, सायकलची किल्ली ठेवली आणि मग आगपेटी ठेवली.

"बिडी ओढत नाही म्हणता ना? मग ही कशाला?"

"साहेब, उघडून तर बघा."

"जप्त केलेली वस्तू उघडायची नसते. लिहा हो. आगपेटी, नग एक."

मी लिहिलं.

"साहेब," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज वर गेला नव्हता. "ती काडी लावायची न्हाई. ह्या सगळ्यांला ठाऊक हाये." भिंतीकडे त्यांनी पाहिलं. सगळे जमिनीकडे बघत होते, किसन आपल्या पट्ट्यांकडे. मग चाचा माझ्याकडे वळले. मला ते बेटा म्हणत, पण त्या खोलीत म्हणाले नाहीत. "ताईंला ठाऊक हाये. काल दुपारी मी फोनवर काय बोललो, ते बी ताईंला ठाऊक हाये."

साहेबांनी खुर्ची फिरवली. "काय हो? तुम्हाला काय माहीत आहे?"

एवढ्या लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझे कान गरम होतात. त्या महिन्यात माझं कंत्राट संपत होतं. ही कारणं मी देत नाहीये, त्या क्षणी खोलीत काय काय होतं ते सांगतेय. मी म्हणाले, "मी तर ऑफिसमध्येच असते, सर."

त्यात खोटं काही नव्हतं.

चाचांनी मान हलवली. वाऱ्याने आज नाही म्हटल्यावर हलवायचे तशीच. कागद पुढे केला तेव्हा त्यांनी सही केली. ते नीट, सावकाश, जोडाक्षर तोडून सही करायचे. पेटी खाकी पाकिटात गेली, वर लाख लागली आणि पाकिटावर चिकटवायची चिठ्ठीही मीच छापली.

त्यांना टोळीतून काढलं. आठवड्याने ते सायकल घेऊन ऑफिसच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडले, तेव्हा भेटले. मला वाटलं, आता मला बोलतील.

"पाकीट उघडलं का कोनी?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"उघडाय लाव ना बेटा. नोकरी न्हाई मागत मी. गावात लोक म्हनतात, चाचानं डोंगर जाळला. पारावर बसलो की लेकरं काड्यापेटी वाजवून दाखवतात. फक्त उघडाय लाव. उघडली की दिसंल."

"बघते मी," मी म्हणाले.

'बघते' हा आमच्या ऑफिसातला शब्द. तुमच्याही ऑफिसात असेल. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होता. चाचांना नव्हता. ते म्हणाले, "हां, बघ. तकलीफ घेऊ नको, पन बघ," आणि सायकलवर टांग मारून गेले. तेव्हा ते मला शेवटचे दिसले.

साहेबांची पुढे बदली झाली. माझं कंत्राट वाढलं. किसन मुकादम झाला. या हंगामात एकदा सह्यांसाठी तो ऑफिसात आला, तेव्हा मी चाचांचं विचारलं. पारावरची काड्यापेटीची गोष्ट त्याने पूर्ण सांगितली. वाजवणारी नुसती लेकरं नव्हती. "चूल पेटवायला येता का" म्हणणारा माणूसही होता, आणि आता तो हसत नव्हता.

"आता कुरुंद्याला हायेत," किसन म्हणाला. "हळद शिजवायच्या चुलाणाला बसतात, जाळ घालतात. म्या गेलतो एकदा पाय दाखवायला, बरे झाले म्हनून. म्हनले, ही आग बरी हाये किसन, सांगितलं तेवढंच जळती."

"पेटीचं काही म्हणाले?"

"तुमचं विचारलं. ताईनं बघितलं का, म्हनले."

तो माझ्या मागच्या कपाटाकडे बघत होता. पाकीट तिथेच आहे. वरून दुसरा कप्पा, लाख शाबूत. माझ्या खुर्चीपासून हात लांब केला तर पोचेल.

आणि हे मागच्या मंगळवारचं. जाळरेषेच्या फोटोंचा दिवस होता. दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आले. ऑफिसच्या कुंपणाला रुई वाढली आहे. तिची बोंडं उकलली होती आणि एक म्हातारी तारेच्या काट्यात अडकली होती. तिचं सगळं रेशीम डोंगराच्या दिशेने ताणलं होतं. मी तिथूनच किसनला फोन लावला. या वेळी वाक्य जुळवलं नाही.

"किसनभाऊ, आता पेटवू नका. वारा डोंगराकडे आहे. संध्याकाळी करा."

पलीकडे गवताची सळसळ ऐकू येत होती, माणसांचे आवाज येत होते.

"तुमाला काय माहीत ताई?" किसन म्हणाला. चेष्टा नव्हती त्याच्या आवाजात, राग पण नव्हता. "तुमी तर हापिसातच असता. आन् पाचच्या आत फोटो पायजे, हा सकाळचा मेसेज तुमचाच हाये ना?"

माझाच होता.

आत येऊन मी खुर्चीत बसले. चार वाजून दहा मिनिटांनी फोटो आले. जाळ स्पष्ट दिसत होता. मी ते वर पाठवले आणि खिडकीतून पाहिलं. तारेवरची म्हातारी तशीच होती, डोंगराकडे ताणलेली.