पडद्याआडच्या चाली

आमच्या शहाद्याच्या देवळात दर एकादशीला चाली बांधण्याची चढाओढ भरवायचा एक म्हातारा मास्तर. सगळ्यांना एकच अभंग द्यायचा, ज्याने त्याने नवी चाल लावायची आणि कोण गातो ते कळू नये म्हणून पडद्याआड बसून म्हणायची. न्याय मोठा! पण मास्तर आधी पडद्याबाहेर काढलेले जोडे न्याहाळायचा. करकरीत जोडे दिसले की त्याची मान डोलायची.

माझा मिरचीचा व्यापार, वहाणांवर तिचीच धूळ. दुसऱ्याच ओळीला त्याने टिचकी वाजवली. "बस करा शेठ, ही बाजारनी चाल शे."

पुढच्या एकादशीला पाटलाच्या भाच्याने माझीच चाल नव्या अभंगावर चढवली आणि नारळ-उपरणं घेऊन गेला. मी भर देवळात ओरडलो, "मास्तर, ती चाल मन्ही शे!"

मास्तर तपकीर ओढत म्हणाला, "माले ठाऊक शे. पन त्याना गळामा ती देवळनी वाटनी." आणि पुढच्या अभंगाचा कागद माझ्यापुढे धरला. "आते दुसरी बांधी लई या, शेठ. तुमले भलतं गोड सुचस."

मी कागद हिसकावला तो फाडायलाच. पण पहिली ओळ डोळ्यांखालून गेली आणि मेली चाल सुचलीच.