टॉवेलवाली खुर्ची

आमच्या ऑफिसात एकच धड खुर्ची होती, ती मोठ्या साहेबांची. पाठीवर पांढरा टॉवेल, आणि गादी इतकी खोल की आत गेलेला माणूस वर काढायला दोघं लागत. फक्त तिच्यात बसायला मोठे साहेबच नव्हते. माजी सैनिकांसाठीचं आमचं हे सरकारी ऑफिस. त्याचे प्रमुख शेजारच्या जिल्ह्यात बसत आणि आमचा कारभार 'अतिरिक्त' म्हणून सांभाळत. महिन्यातून एकदा येत, सह्या करत आणि चहा निवायच्या आत जात. उरलेले सगळे दिवस बिराजदार साहेबांचे. ते इथले दुय्यम अधिकारी, मूळचे मुरुम गावचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. अकरा वर्षं त्यांनी हे ऑफिस ओढलं, मी त्यांचा कारकून. त्या अकरा वर्षांत त्यांनी त्या खुर्चीला पाठ टेकवली नाही. स्वतः पत्र्याच्या, एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर डुगडुगत बसायचे, आणि टॉवेलवाल्या खुर्चीत बसवायचे त्या दिवशी सगळ्यात दमून आलेल्या माणसाला.

"कुठनं आलात? उमरग्याहून? एसटीत उभ्यानं? मग बसा तिथं."

"ती साहेबाची खुर्ची हाय की, सुभेदार."

"साहेब कुठं दमलेत? दमायचं काम सरकारनं मला दिलंय. तुम्ही बसा."

ते काम त्यांनी मन लावून केलं. डोळ्यांखाली अशा पिशव्या, की आठवड्याचा बाजार भरून आणावा. जांभई दिली की भिंतीवरचं कॅलेंडर एक महिना पुढं जायचं. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणोत. त्या जांभईच्या वाऱ्यानं माझी टपाल वही दोनदा खिडकीबाहेर गेलेली आहे.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी बेंबळीच्या गवळणबाई आल्या. नवरा फौजेतला, आदल्या वर्षी वारलेला. बाईंच्या खुब्याचं हाड झिजलेलं. ऑपरेशन पुण्याच्या फौजी दवाखान्यात होणार होतं, पण त्यासाठी सैनिकाची पत्नी म्हणून ओळखपत्र हवं. आणि नवऱ्याच्या कागदात पत्नीच नव्हती! गडी सुट्टीवर आला, लग्न केलं, परत गेला, आणि पलटणीत ते कुणाला सांगितलंच नाही. पुढं पन्नास वर्षं सुखानं संसार केला, कागदावर ब्रह्मचारी राहून. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने गेले तर बाईंना परत उभं राहता येणार नाही.

साहेबांनी बाईंना खुर्चीत बसवलं.

"लग्नाचा फोटो?"

"फोटू कुठला, साहेब? मांडवातला कंदील बी मागून आणल्याला."

"साक्षीदार?"

"भटजी गेले, मामा गेले. म्या ऱ्हायले तेवढी."

"बरं, लग्नानंतर किती दिवस थांबला तो?"

बाईंनी पदर तोंडाशी धरला. "सुट्टी दोन दिसांची उरल्याली. सासूबाई म्हनायच्या, जा. ह्यो जाईना. सहा दिस ज्वारीत दडून बसला."

साहेब असे उठले की पत्र्याची खुर्ची आडवी झाली. "म्हणजे चार दिवस उशिरा हजर झाला! बाई, त्याला शिक्षा झाली असणार. लाल शाईनं नोंद असणार, आणि तिच्यासोबत त्यानं लिहून दिलेलं कारण. माणूस लग्न कळवायचं विसरेल, फौज शिक्षा लिहायचं विसरत न्हाय."

बाई गेल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "उशिराचं खरं कारण कोण लिहितं रे? आमच्या पलटणीत एकेकाची आजी सात-सात वेळा मेली. यानं 'आई आजारी' लिहिलं असंल तर संपलं. बाईला बोलू नको."

मग पलटणीच्या दप्तराकडं पत्रं सुरू झाली. मी इतकी लिहिली की पोस्टातला शिक्का झिजला. तीन पत्रांचं उत्तर नाही, चौथ्याचं आलं: नोंद सापडत नाही. साहेबांनी पाचवं स्वतःच्या हातानं लिहिलं, तारखा घालून. दर पंधरा दिवसांनी बाई पुतण्याच्या खांद्यावर भार टाकून यायच्या, खुर्चीत बसायच्या. "आलं का?" "येतंय." पाच महिने हेच. साहेबांची निवृत्ती जवळ आली. त्यांच्यामागं ही फाइल कुणी उचलणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

पाकीट आलं त्या दिवशी बाई खुर्चीतच होत्या. साहेबांनी चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला. मग मोठ्यानं वाचलं. चार दिवस उशीर. कारण: स्वतःचं लग्न. मुलगी येडशीची, आणि पुढं बाईंचं नाव, वडिलांच्या नावासकट.

"खोटं बोलायला जमलं न्हाय गड्याला," साहेब म्हणाले.

बाई आधी हसल्या, मग रडल्या. "मला सांगितलं हुतं की त्यानं, आई आजारी हाय असं लिवलं म्हनून. म्या मनात म्हनलं, तुमास्नी कशाला सांगू. तुमी एवढं धडपडायलालाव."

पाच महिने दोघंही एकच भीती एकमेकांपासून लपवत, समोरासमोर बसली होती.

ओळखपत्राच्या कागदावर मोठ्या साहेबांची सही आणायला बिराजदार साहेब दुसऱ्याच दिवशी एसटीनं गेले. तेही उभ्यानं. ओळखपत्र झालं, आणि बाईंचं पुण्याचं ऑपरेशनही वेळेत झालं.

साहेबांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी हार झाला, नारळ झाला. लोक गेले. उतरत्या उन्हात जिन्यावर काठीचा आवाज आला. गवळणबाई, एकट्या, एकेक पायरी मोजत. साहेब सवयीनं उठले आणि खुर्चीकडं हात केला.

"म्या न्हाय बसणार. मला आता उभं ऱ्हाता येतंय. तुमी बसा."

"बाई, ती साहेबांची..."

"बसा म्हनते ना!"

सुभेदारानं हुकूम पाळला. बसले. गादीत खोल गेले, टॉवेलला डोकं टेकलं, आणि बाईंची तब्येत विचारता विचारता, वाक्य अर्धं टाकून झोपले.

बाई काठी टेकून उभ्याच राहिल्या. मी पंखा एकनं वाढवला. सहा वाजले, शिपाई किल्ल्या घेऊन दारात आला, आणि बाईंनी त्याला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. यातलं मी काहीही वाढवून सांगितलेलं नाही.