तीन बैलांचा पाठ

आमच्याकडं जमीन नव्हती, बैल नव्हते, आणि जमिनीवर पाठ घ्यायला निवडला गेलो होतो मी.

मराठवाडा महाराष्ट्रात येऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. तुळजापूरला विज्ञानाच्या मास्तरांचं शिबिर भरणार होतं. आपल्या भागातल्या मातीचे थर आणायचे आणि पाठ घ्यायचा. पाठ साहेबांना पटला तर हंगामी मास्तर कायम! मी हंगामी होतो. (माझं लग्नही हंगामीच होतं. "कायम झालात की तिथी काढू," असं सासऱ्यांनी बजावलेलं.)

मग काय, तामलवाडीच्या एका नव्या विहिरीत उतरलो. वरची काळी, मधला मुरूम, खालची पांढरी, अशी माती तीन डब्यांत भरली आणि ऐटीत घरी आणली.

"आई, जपून ठेव. लई लांबून आणलीय," एवढंच म्हणालो. पुढचं समजावून सांगायला मला कमीपणा वाटला.

शिबिराच्या आदल्या दिवशी पोळा होता. मी शाळेतून आलो तर देवापुढं तीन बैल उभे! एक काळा, एक तांबडा, एक पांढरा. गुलाल लावलेले, पुढ्यात पुरणपोळी.

"आई, माझी माती?"

"ही काय. लोकांची पोरं शिकली की पोळा इसरत्यात. माझ्या लेकानं आठवणीनं माती आणली, म्हणून आळीभर सांगून आले."

"अगं, ती पाठाची होती! फोड ते बैल."

"पुजलेले हायत. हात लावून बघ."

मी हात लावला नाही. मी विज्ञानाचा मास्तर असलो तरी आईला भीत होतो.

शेवटी सकाळी तिन्ही बैल टोपलीत घालून निघालो. पाठाला उभा राहिलो, टेबलावर खाली पांढरा, त्यावर तांबडा, त्यावर काळा असे रचले आणि म्हणालो, "हा विहिरीचा उभा छेद." पहिल्या रांगेतल्या मास्तरांनी टोप्या सारख्या करून नमस्कार केला. मागचे उभे राहिले. पाठात अशी शिस्त मी पुन्हा कधी पाहिली नाही.

साहेब जवळ आले. मधला बैल त्यांनी हुंगला.

"इतक्या खोलवरच्या थरात सेंद्रिय द्रव्य कसं काय?"

(मुरूम वळेना म्हणून आईनं त्यात शेण कालवलं होतं.)

"आमच्याकडं असतं, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, बैलाकडं बघितलं. माझ्या डोळ्यांपुढून सासरे चालत निघून गेले.

"बैल तुम्ही केलेत?"

आता खरं सांगितलं तर पाठाचं सामान दुसऱ्यानं केलं असं होणार. "व्हय साहेब," म्हणून मोकळा झालो.

महिन्याभरात हुकूम आला. मला कायम केलं होतं, पण विज्ञानाकडून काढून पोरांना मातीकाम शिकवायला! लग्न झालं, सासरे खूश झाले. मी मात्र रोज सकाळी शाळेआधी आईपुढं चिखल घेऊन बसू लागलो. माझा पहिला बैल तिनं तळहातावर घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "ये गं, बघ तुझ्या नवऱ्यानं कासव किती झ्याक केलंय."