घट्ट बांधलेली डिस्क

बेनिफारेल ह्या आमच्या गावात रेमेई फेरान्दोला दोन कारणांनी ओळखतात. ती चर्चच्या मनोऱ्यात घंटा फिरवते, आणि गावात कुणाचाही संगणक रुसला की त्याचा मालक आधी तिच्या दारात येतो. तिने पन्नाशी कधीच ओलांडली आहे. टाइल्सच्या कारखान्यात झिलई चढवायच्या पट्ट्यावर उमेदीची वर्षं गेली, मग कारखाना बंद पडला, आणि बेकार झालेल्यांसाठी सरकारने काढलेल्या वर्गात ती लिनक्स नावाची संगणकप्रणाली शिकली. बाकीच्या बाया तिथे वेळ घालवायला येत. रेमेई मात्र हुकूम टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीच्या प्रेमातच पडली, कारण तिथे विचारलं की उत्तर मिळायचं. "नवऱ्याला जन्मभर विचारतेय कुठे दुखतंय, तर म्हणतो काही नाही. हा निदान सांगतो तरी," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि नवराही सगळ्यांबरोबर हसायचा.

तिला मनोऱ्यात आणलं तिथे जन्मभर घंटा फिरवलेल्या बातिस्तेकाकांनी. बायकांनी घंटा ओढू नयेत असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो होता. घंटावाल्यांच्या मंडळातली जुनी खोडं कुरकुरली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "दोराला मिशा लागत नाहीत."  आमच्याकडे घंटा नुसती हलवून भागत नाही. ती आडव्या लाकडासकट पूर्ण फिरवायची, डोक्यावरून पलीकडे, पुन्हा वर, आणि शेजारची घंटा उत्तर देईल त्या क्षणी सोडायची. दोर कधी ओढायचा आणि कधी सोडायचा, हे काकांनी रेमेईला तिचा हात आपल्या हातात धरून शिकवलं.

काका फिरवायचे ती बार्बरा, मनोऱ्यातली सगळ्यांत मोठी घंटा. आयुष्यभर तिच्या पोटाशी उभं राहून त्यांचे कान गेले. घंटावाल्यांच्या कानांचं हे असंच होतं, त्याचं आमच्यात कुणाला नवल नाही. पण ह्या ईस्टरला बाकीच्या घंटा थांबल्या तरी काका बार्बरा फिरवतच राहिले. सिंतो त्यांना थांबवायला पुढे झाला आणि सुटलेल्या दोराचं टोक त्याच्या गालाला चाटून गेलं. सिंतो गावचा बेकरीवाला आणि मंडळाचा प्रमुख. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी घाबरला होता. त्याने काकांसमोर उभं राहून, ओठ सावकाश हलवत सांगितलं की आता तुम्ही वर येऊ नका. काकांनी मान डोलावली आणि जिना उतरले. तेव्हापासून घंटांची वेळ झाली की ते गावाबाहेर आपल्या बदामाच्या बागेत निघून जात. कानांना काही कळत नसताना एवढं लांब कशाला जायचं, असं लोक विचारत. रेमेईला ते विचारावं लागलं नाही.

तिच्या मनाने एकच घेतलं. माणूस खाली गेला तरी त्याचं वाजवणं मनोऱ्यात राहिलं पाहिजे. घंटांच्या खालच्या खोलीत मंडळाचा संगणक होता, आणि त्याला जोडलेल्या जुन्या डिस्कवर काकांच्या ऐन भरातल्या वर्षांचं सगळं ध्वनिमुद्रण होतं. सणाचे ठोके, अंत्ययात्रेचे ठोके, वादळ आलं तर वाजवायचे ठोके. त्यांतले काही तर आता फक्त काकांनाच येत होते, आणि काका आता शिकवू शकत नव्हते. ऑगस्टमधल्या मेरीमातेच्या सणाआधी हे सारं नव्या डिस्कवर उतरवायचं, असं रेमेईने ठरवलं.

पण जुनी डिस्क पुढे सरकेचना. रेमेई घंटा फिरवायला यायची तेव्हा नक्कल सुरू करून वर जायची, आणि घामाघूम होऊन खाली आली की बघायची. एखादं मुद्रण उतरलेलं असायचं, दुसरं अर्ध्यात लटकलेलं. घंटा संपल्या की मनोऱ्याची वीज मुख्य बटणापासून बंद करायची, कारण विजा कोसळायला गावात ह्याहून उंच दुसरं काही नाही. म्हणजे नक्कल पुन्हा बंद. सिंतोने डिस्ककडे बघून खाटकासारखा अंदाज दिला की म्हातारी चालली, आता शहरातल्या दुकानात दे, नाहीतर सोड नाद.

रेमेईने नाद सोडला नाही. कुठे पाणी मुरतंय हे कळेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. लिनक्सची एक लकब तिला ठाऊक होती. तो आलेला माल आधी आपल्या स्मरणात ठेवून घेतो आणि झालं म्हणून सांगतो, खरं लिहिणं मागाहून चालतं. म्हणून घंटा फिरवून खाली आल्यावर तिने तेवढ्या वेळात प्रत्यक्ष किती उतरलं तेच मोजलं. ते खरोखरच गोगलगायीच्या चालीने उतरत होतं. तिने केबल बदलली. मागच्या जुन्या भोकातून काढून पुढच्या वेगवान भोकात लावली. डिस्कची तब्येत विचारली, तर डिस्कने सांगितलं की माझं अंग धडधाकट आहे, एकही जागा खराब नाही. यंत्रणेच्या नोंदी वाचल्या, त्यांत कुठे तक्रार नव्हती. शेवटी ती डिस्क सोडवून घरी घेऊन गेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लावून वेग तेवढा तपासला. डिस्क घोड्यासारखी धावली. नक्कल घरीच उरकता आली असती, पण दोष सापडल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं. मग दोष डिस्कचा नाही, मनोऱ्यातल्या विजेचाच, असं म्हणून तिने दुसऱ्याच दिवशी ती परत नेली, आणि सॅक्रिस्टीतून, म्हणजे पाद्रीबाबांच्या झग्यांच्या खोलीतून, लांबलचक वायर जिन्यावरून वर ओढली. पाद्रीबाबा तिच्यात पाय अडकून पडता पडता वाचले. घंटा सुरू झाल्या, आणि डिस्क पुन्हा रांगायला लागली. रेमेईने हात टेकले.

सणाच्या आदल्या आठवड्यात तालमीला बार्बरा फिरवताना तिचं मनगट लचकलं. काकांच्या जागी बार्बरा तिच्याकडे आली होती, आणि बार्बराला अजून ती मान्य नव्हती. सिंतोने तिला खाली बसवलं आणि स्वतः दोर धरला. अशी रेमेई घंटा वाजत असताना पहिल्यांदाच खालच्या खोलीत बसली. करायला काही नव्हतं म्हणून तिने नक्कल सुरू केली आणि वेगाची रेघ काढणारी खिडकी उघडली.

रेघ वरच होती. सपाट, उंच, स्वयंपाकघरात होती तशीच. रेमेईला वाटलं खिडकीच बिघडली. इतक्यात वर छोटी घंटा सुरू झाली आणि रेघेला एक बारीक खळगा पडला. दुसरी आली, खळगा वाढला. मग सिंतोने बार्बराला ढकललं, आणि बार्बरा पलीकडे वळली त्या क्षणी रेघ दगडासारखी तळाला गेली. बार्बरा वर चढली तशी रेघ वर आली. पुन्हा घंटा वळली, पुन्हा रेघ पडली.

रेमेई उठली आणि तिने भिंतीला हात लावला. भिंत हाताला थंड आणि स्थिर लागली. तिने डिस्कला बोट लावलं. डिस्कच्या अंगात बारीक कंप होता, बार्बरा वळली की वाढणारा, म्हणजे थेट भिंतीतून आलेला. कारण डिस्क भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईवर होती, गवताच्या वळलेल्या दोरीने बांधलेली, आणि खाली लाकडाची पाचर ठोकलेली. ते बांधकाम बातिस्तेकाकांचं. मनोऱ्यात सैल काही ठेवायचं नाही, हा आमचा पहिला धडा. सैल वस्तू हलते, हललेली वस्तू पडते, आणि एवढ्या उंचावरून पडलेली वस्तू कुणाचा तरी जीव घेते. पाण्याची बाटलीसुद्धा आम्ही खिळ्याला बांधतो. घरून परत आणल्यावर रेमेईनेही ती काकांच्याच गाठीने बांधली होती, काकांचीच पाचर ठोकून. जगातला कुठलाही माणूस डिस्क टेबलावर नुसती ठेवतो. घंटावाल्यांनीच ती तुळईला अशी जखडली होती की मनोऱ्याची प्रत्येक हालचाल तिच्या हाडांत शिरावी.

म्हणजे मनोरा हलत होता.  रेमेई वीस वर्षं ह्या मनोऱ्यात उभी राहिली होती, पण तिला हे कधी जाणवलं नव्हतं. डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीवर एक सुई तरंगत असते, तबकडीला न टेकता, केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर. तेवढं अंतर बिघडलं की तिची जागा चुकते, मग ती थांबते, परत फिरते, पुन्हा वाचायला बघते. आणि एवढा प्रचंड दगडी मनोरा, ज्याच्या सावलीत अर्धं गाव दुपारी झोपतं, तो बार्बरा वळली की तिच्याबरोबर झुकत होता. कुणाच्या डोळ्याला दिसू नये इतका, पण झुकत होता. ज्या गवंड्यांनी तो बांधला त्यांना हे माहीत असणार. नसतं तर तो कधीच कोसळला असता. रेमेईला आपण कुणाच्या तरी छातीवर इतकी वर्षं कान न लावता बसलो होतो असं वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

तालीम संपल्यावर तिने सिंतोला सारं सांगितलं. सिंतोचा विश्वास बसेना. मग तिने पाचर काढली, दोरी सोडली, आणि सॅक्रिस्टीतली गुडघे टेकायची जाड उशी आणून डिस्क तिच्यावर ठेवली. सिंतोने वर जाऊन बार्बराला एकट्याने फेरा दिला. रेघ हललीसुद्धा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःशी म्हणत सिंतोने कपाळाला हात लावला. पुढच्या तालमीला काकांचं सगळं वाजवणं नव्या डिस्कवर उतरलं. कामाचा भाग संपला होता.

पण रेमेई त्या रेघेला विसरू शकेना. शेवटच्या तालमीला तिने जुनी डिस्क पुन्हा तुळईला बांधली, पाचर ठोकली, तिच्याकडून उगाचच काहीतरी वाचून घ्यायला सुरुवात केली, आणि दोन्ही कानांत कापूस कोंबला. वरची कुठली घंटा कधी वाजते हे आता कानांना कळत नव्हतं. तरी लहान घंटा कुठली, मधली कुठली, बार्बरा कधी वळली, हे तिला रेघेवरून कळत होतं. मनगट सुजलेलं असतानाही ती तशीच बदामाच्या बागेत गेली.

काका वाळलेल्या फांद्या तोडत होते. रेमेई समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली की सणाला मनोऱ्यात चला, खालच्या खोलीत, तुम्हाला काही दाखवायचं आहे. काकांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं आणि कोयता खाली ठेवला.

"बहिऱ्याला घंटा दाखवायला नेतेस होय गं पोरी?" बहिरे झाल्यापासून ते फार मोठ्याने बोलत.

"दाखवतेच," रेमेई म्हणाली.

सणाच्या दिवशी दुपारी काका आले. स्वच्छ पांढरा सदरा घालून आले, आणि जिन्यात भेटलेल्या सिंतोकडे त्यांनी बघितलंही नाही. रेमेईने त्यांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. रेघ उंच होती. काकांनी तिच्याकडे बघून खांदे उडवले. मग वर घंटा सुरू झाल्या. एक खळगा पडला, दुसरा पडला, आणि रेमेईने आधी वर बोट दाखवलं, मग रेघेकडे. काकांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ते नुसते बघत राहिले.

बार्बरा सुरू झाली. रेघ तळाला गेली, वर आली, तळाला गेली. काकांचा हात मांडीवर होता. त्याचं एक बोट हळूच उचललं गेलं आणि खाली आलं, रेघेच्या मागोमाग. मग रेघेबरोबर. मग रेमेई पुढे वाकली, कारण बोट रेघेच्या आधी पडत होतं. बोट पडायचं, आणि त्यानंतर रेघ पडायची. काका आता काही वाचत नव्हते. ते वाजवत होते.

"बार्बरावर कोण आहे?" काकांनी खोलीभर घुमणाऱ्या आवाजात विचारलं. "सिंतो ना? पोती ओढावीत तशी ओढतोय. सांग त्याला, तिला वरती श्वास घेऊ दे."

रेमेई जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली. वरून सिंतोच्या शिव्या आल्या, पण पुढच्या फेऱ्याला बार्बरा वर किंचित थांबली, आणि मधल्या घंटेचं उत्तर तिच्या बरोबर मागून आलं. पडद्यावरचे खळगे एका माळेत बसले. काकांनी मान डोलावली. गालांवरून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही, कदाचित त्यांना ते कळलंही नसेल.

खाली चौकात मिरवणूक निघाली आणि लोकांचे चेहरे मनोऱ्याकडे वळले. घंटा फिरत राहिल्या. काका पडद्याला नाक लावून बसले होते, त्यांचं बोट चालत होतं. मधेच ते हसत, मधेच कुणावर तरी रागावून जीभ टाळूला लावत. रेमेई त्यांच्या मागे उभी होती. ह्या खोलीत आज जे घडतंय ते आपल्याला कुणाला नीट सांगता येणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

मग एकेक घंटा सुटत गेली. खळगे उथळ झाले. बार्बराने शेवटचा फेरा घेतला, रेघ एकदा खोल बुडाली, वर आली, आणि उंचावर सपाट होऊन तशीच राहिली. काकांचं बोट हवेत थांबलं. ईस्टरपासून त्यांच्या भोवती रात्रंदिवस एकच शांतता होती, जिला सुरुवात नव्हती आणि शेवट नव्हता. त्यांनी रेघेकडे पाहिलं, आणि मग रेमेईकडे वळून, कुणी झोपलेलं असावं तसं अगदी हळू आवाजात म्हणाले, "थांबल्या गं."