पहिल्या क्रमांकाची तबकडी

अर्नाळ्याची एसटी स्वारगेटहून सुटली तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड, वहिनीने करून दिलेले धपाटे आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली एक यादी होती. धपाटे लोणावळ्याच्या आतच संपले. यादी मात्र मी दर तासाला काढून बघत होते, जणू तिच्यातली नावं वाटेत बदलणार होती.

यादीबद्दल आधी सांगायला हवं. मी टेलिफोन खात्यात एक्स्चेंजवर नोकरी केली. कानाला हेडफोन लावून दूरगावच्या खरखरत्या लाइनीवर कोण काय बोलतंय ते ओळखायचं, हेच आयुष्यभराचं काम. त्या कानांना जॅझची गोडी कशी लागली ते मलाही नीटसं सांगता येत नाही, पण लागली खरी. पुण्यात जॅझ ऐकणारे आम्ही सात जण. महिन्यातून एकदा आमच्यातल्या आपट्यांच्या गच्चीवरच्या खोलीत जमायचं, ऐकायचं आणि भांडायचं. वर्षातून एकदा यादी करायची. ज्या तबकड्या आता बाजारात कुठेच मिळत नाहीत आणि कुणीतरी पुन्हा काढाव्यात असं वाटतं, त्यांची यादी. प्रत्येकाने दहा नावं द्यायची, गुण मोजायचे आणि पक्की प्रत कंपन्यांना पाठवायची. कंपन्या उत्तर देत नसत. आम्हीही मनाला लावून घेत नसू.

त्या वर्षी मात्र मुंबईच्या एका छोट्या कंपनीचं पत्र आलं. सीडीचं तेव्हा नवं नवं कौतुक होतं. तुमच्या यादीतला पहिला क्रमांक आम्ही काढू, पण त्याचे मूळ साचे शिल्लक नाहीत. स्वच्छ तबकडी मिळवून द्या, असं त्यांनी लिहिलं होतं.

पहिला क्रमांक गेली आठ वर्षं एकच होता. मुंबईच्या हॉटेलांतून वाजवणाऱ्या ‘हार्बर फाइव्ह’ नावाच्या पाच जणांच्या वाद्यवृंदाची एकुलती एक, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी. आमच्याकडे तिच्या एकाच बाजूची कॅसेट होती, तीही कॉपीच्या कॉपीची कॉपी. कांदाभजी तळताना येतो तसला आवाज, आणि त्यातून लांबवर कुठेतरी ट्रम्पेट. पण ते ट्रम्पेट! ऐन रंगात येतं आणि एकदम थांबतं. चार आवर्तनं गप्प. मागे ड्रमवर नुसता तारांचा ब्रश फिरत राहतो. मग एकच सूर, किंचित उतरलेला. त्या शांततेवर आपट्यांनी आठ पानांचा लेख लिहून काढला होता. ‘इतकं धाडसी मौन आपल्याकडे कुणी वाजवलेलं नाही,’ हे त्यातलं वाक्य आम्ही सगळे येताजाता ऐकवायचो. तबकडी इतकी दुर्मीळ का, तर कारखान्याला आग लागली असणार, असाही आपट्यांचा तर्क होता.

वादकांची नावं कुणालाच माहीत नव्हती. कॅसेटच्या कागदावर कुणीतरी पेन्सिलीने ‘ट्रम्पेट : वसईचा इनास’ एवढंच लिहून ठेवलं होतं. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि मावसबहीण सुनंदा वसईजवळ बोळिंजला राहायला गेली होती. मोहीम माझ्याच गळ्यात पडली.

दुपारी बोळिंजला उतरले. नव्या इमारतींच्या रांगा, काहींना अजून रंगही नाही. सुनंदाच्या इमारतीखाली पाण्याचा टँकर आला होता आणि अर्धी सोसायटी बादल्या घेऊन उभी होती. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत माझ्याही हातात एक बादली आली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चार खेपा झाल्यावर चहा मिळाला आणि मी येण्याचं कारण सांगितलं.

“जॅझ? वसईत?” सुनंदा म्हणाली. “अगं, इथे केळी मिळतात. आणि वसईचा इनास म्हणजे पुण्यातला जोशी. कितव्या इनासला शोधणारेस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचूबंदर गाठलं, कारण तिथल्या एका बँडमध्ये कुणी इनास आहे असं सुनंदाच्या शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. किल्ल्याच्या अंगाला होड्या लागलेल्या आणि धक्क्यावर माशांचा लिलाव जोरात चाललेला. बोली लावणारी बाई इतक्या वेगात आकडे म्हणत होती की माझ्यासारख्या ऑपरेटरलाही ते पकडता येईनात. बघण्याच्या नादात पाय घसरला आणि मी बर्फ-पाण्याच्या राड्यात चांगलीच बसले. दोन कोळणींनी मला काखेत हात घालून उठवलं. एकीने पदराने माझी पर्स पुसली. तो पदर पर्सपेक्षा ओला होता, पण माया होती.

“कोन पायजे तुला?”

“इनास. ट्रम्पेट वाजवणारे. वय झालेले असतील.”

“आमचा इनास तर पोरगा हाय, ढोल वाजवतो. म्हातारा इनास म्हंजे इनास मास्तर, गिरीजचा. आमच्या सगल्या लग्नांना त्याचीच पोरं बाजा वाजवतात. पन आता त्याला आयकू येत नाय हां. मोठ्यान बोल.” मग माझ्या साडीकडे बघून ती म्हणाली, “आधी पानी घे, धू ते.”

मासळीचा वास घेऊनच मी गिरीजला पोचले. रिक्षावाल्याने एकदा वळून बघितलं. गिरीजमध्ये शिरल्यावर हवाच बदलते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी आणि नारळ, मधे वालाचे मांडव, पाटातून पाणी खळखळतंय. मास्तरांच्या अंगणात बांबूच्या मांडवावर राजेळी केळी वाळत टाकलेली होती. त्यांची सून फिलोमिना त्यांवर जाळी पसरत होती. तिने काही विचारायच्या आत माझ्या हातावर एक सुकेळं (पिकलेलं राजेळी केळं सोलून उन्हात वाळवलेलं) ठेवलं. मधासारखं गोड आणि चिवट. ते तोंडात असतानाच मास्तर बाहेर आले, त्यामुळे पहिलं वाक्य मी फारच अस्पष्ट बोलले. त्यांच्या दृष्टीने त्याने काही बिघडलं नाही.

सत्तरीचा ताठ माणूस. पांढरा शर्ट, गळ्यात क्रूस, वरच्या ओठावर ट्रम्पेटने पाडलेला कायमचा वळ. मी यादी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या क्रमांकावर बोट ठेवलं.

“हे कुणाला पाहिजे?” त्यांनी विचारलं.

“आम्हाला! सात जणांना!” मी ओरडले. केळीतले दोन बगळे उडाले.

“का?”

मी आपट्यांचा लेख पिशवीतून काढला. मास्तरांनी उभ्याउभ्याच दोन पानं वाचली. मग हसायला लागले. पण ते हसू काही बरं नव्हतं.

“धाडसी मौन,” ते म्हणाले. “बाई, मी मोजणी चुकलो होतो.”

 फिलोमिनाने खुर्ची आणली. मास्तरांनी सगळं शांतपणे सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. स्टुडिओत त्यांना एकच सकाळ मिळाली होती. दुसऱ्या बाजूची धून चांगली व्हावी म्हणून तिच्यावरच सगळा वेळ गेला. ही बाजू एकदाच वाजवायची होती. ऐन सोलोत मास्तरांचा ताल सुटला, कुठून उचलायचं कळेना. उचललं तेही बेसूर. कंपनीच्या साहेबाने तबकडी कशीबशी काढली आणि दुसरी तबकडी करणार नाही असं सांगितलं.

“क्लॅरिनेटवर माझा मोठा भाऊ होता, बस्त्याव. माझ्या दसपट कलावंत. पुढच्याच वर्षी टायफॉइडने गेला. त्याची दुसरी तबकडी झाली असती. माझ्यामुळे नाही झाली.” मग ते म्हणाले, “म्हणून दिसेल तिथून मी ही विकत आणायचो. चोरबाजार, हॉटेलांची अडगळ, गोव्यापर्यंत गेलो. अकरा मिळाल्या.”

“कुठे आहेत?” माझ्यातला संग्राहक काही ऐकेना.

त्यांनी वाडीकडे बोट केलं. केळींच्या पलीकडे बावखल (वाडीत खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं) होतं. हिरवंगार, संथ, वर कमळाची पानं.

“तिथे,” मास्तर म्हणाले.

कारखान्याला आगबीग काही लागली नव्हती. आमची दुर्मीळ तबकडी ह्या माणसाने स्वतःच्या हाताने दुर्मीळ केली होती. मला हसू येत होतं आणि रडूही.

“बारावी घरात आहे,” फिलोमिना हळूच म्हणाली. “ती नाय बुडवली बाबांनी. तिच्या मागच्या बाजूला बस्त्यावकाकांची धून आहे ना.”

मास्तरांना ते ऐकू गेलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून समजलं. ते उठून आत गेले आणि जुन्या रेडिओग्रामच्या कपाटातून तबकडी घेऊन आले. इतकी काळीभोर आणि कोरी की माझे हात शिवशिवले. त्यांनी दुसरी बाजू लावली. बस्त्यावच्या क्लॅरिनेटची ती तीन मिनिटं आमच्या यादीत कुठेच नव्हती, आणि आमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी तिच्यापुढे फिक्या होत्या. मास्तर रेडिओग्रामच्या लाकडावर तळहात टेकून उभे होते. कान गेले होते, त्यामुळे ते हाताने ऐकत होते.

“ही बाजू छापा,” ते म्हणाले. “ती नको. ती माझ्याबरोबर जाईल.”

कंपनीला हवी होती ती पहिली बाजू. आठ वर्षं मलाही तीच हवी होती. निदान एकदा ऐकू का, असं मी ओरडून विचारलं. त्यांनी खांदे उडवले. “ऐका. मी पंप चालू करून येतो.” आणि ते वाडीत निघून गेले.

फिलोमिनाने तबकडी उलटली. पहिल्यांदाच भजी तळल्याच्या आवाजाशिवाय मी ते ट्रम्पेट ऐकत होते. ते रंगात आलं, थांबलं. ब्रश फिरत राहिला. आणि त्या चार आवर्तनांत, तिसऱ्याच्या शेवटी, कुणीतरी बोललं.

“तुम्ही काही म्हणालात?” मी फिलोमिनाला विचारलं.

“नाय.”

मी सुई मागे घेतली. मग पुन्हा. तीस वर्षं मी ट्रंक कॉलच्या मोजक्या मिनिटांत ओरडणाऱ्या माणसांचे मोडकेतोडके शब्द जोडत आले होते. हा आवाज तर माइकच्या जवळचा होता. पुरुषाचा, दबका, अजिबात न चिडलेला. चौथ्यांदा शब्द सुटे झाले.

मी अनवाणीच वाडीत धावले. मास्तर बावखलाच्या काठावर पंपाशी वाकले होते. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, “तुम्ही थांबलात तिथे कुणीतरी बोलतंय!”

“कोण?”

“कळत नाही. पुरुषाचा आवाज आहे. म्हणतोय, ‘इनू, वाजव.’”

मास्तरांचा हात पंपावरच राहिला. इनू हे नाव मी यादीत वाचलेलं नव्हतं, कुणी मला सांगितलेलंही नव्हतं.

“इनू मला फक्त बस्त्याव म्हणायचा,” ते म्हणाले. “रागाने म्हणतो?”

“नाही. मुळीच नाही. लहान मुलाला रस्ता ओलांडताना म्हणावं तसं.”

पंप तसाच चालू ठेवून आम्ही आत आलो. मास्तरांनी रेडिओग्रामवर दोन्ही तळहात ठेवले. त्यांना तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. मग आम्ही असं ठरवलं की तो शब्द आला की मी बोट वर करायचं. पहिल्यांदा त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ते डोळे मिटून उभे राहिले आणि बोट वर व्हायच्या क्षणी त्यांनी स्वतःच मान हलवली. जागा त्यांना सापडली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. फिलोमिनाने ते पुसलं आणि माझंही पुसायचं का, असं तिने मला खुणेनेच विचारलं.

बाहेर पाट भरून पाणी अंगणात शिरलं तेव्हा कुठे पंप बंद झाला.

जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती.  हात धुतल्यावर मास्तरांनी विचारलं, “सीडीवाले काय करतात? आहे तसं छापतात?”

मी खरं ते सांगितलं. आधी साफ करतात. खरखर, टकटक, वादकांचं खोकणं, खुर्च्यांचे आवाज, सगळं काढून टाकतात.

“मग त्यांना तोही आवाज घाणच वाटेल.”

“वाटेल.”

ते उठले. तबकडी त्यांनी दोन टॉवेलांत गुंडाळली, बिस्किटांच्या चौकोनी डब्यात आडवी ठेवली, भोवती केळीचा सोप (खोडाचा वाळलेला पापुद्रा) कोंबला आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

“दोन्ही बाजू छापा,” ते म्हणाले. “माझी चूक राहू दे. तेवढं सोडून बाकी काय साफ करायचं ते करा.”

पुण्यापर्यंत तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, बिस्किटं आहेत का. मी नाही म्हटलं तर त्यांचा विश्वास बसला नाही.

आपट्यांच्या खोलीत सगळे जमले होते. चूक, बावखल, अकरा तबकड्या, सगळं मी एका दमात सांगितलं. आपटे पार खचले. आठ पानं लिहिली होती बिचाऱ्यांनी. मग मी तबकडी लावली आणि बोट वर केलं. पहिल्या खेपेला कुणालाच काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या खेपेला आपट्यांनी चष्मा काढला.

“मौन नव्हतंच की,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपल्याला हवं ते परत मिळावं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं याद्या करत होतो, आणि त्या वस्तूत काय आहे हे आम्ही कधी धड ऐकलंच नव्हतं. याची मला लाज वाटली, आजही वाटते. पण कंपनीला जायची यादी नव्याने लिहायचं काम माझ्याकडेच आलं, त्याचा आनंदही होता. पहिल्या क्रमांकापुढे मी मास्तरांची अट लिहिली, तिच्याखाली दोनदा रेघ मारली. मग आठ वर्षं कोरा राहिलेला वादकांच्या नावांचा रकाना भरला.

ट्रम्पेट : इनास, गिरीज.
क्लॅरिनेट : बस्त्याव, गिरीज.

आणि खाली, आपट्यांना न विचारता, आणखी एक ओळ.

आवाज : बस्त्याव.