माझ्या भारंभार गूळ

मी फुटबॉल खेळून पोट भरते, आणि माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी दुखापत मला गुळामुळे झाली.

ही गोष्ट मी नॉर्वेत इंग्रजीत सांगून पाहिली, हातवारे करून सांगितली, एकदा तर चित्र काढून सांगितली. कुणाला कळली नाही. मराठीत सांगायची ही पहिलीच वेळ. तुम्हाला निदान गूळ म्हणजे काय हे तरी समजवावं लागणार नाही.

मी फॉरवर्ड आहे. म्हणजे मैदानावर. (गारखेड्यात आमच्या शेजारच्या काकूंनी हे ऐकून आईला विचारलं होतं, "फॉरवर्ड? तुमची पोरगी तर मान वर करून बोलत पण नाय!") काकूंचं बरोबरच होतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेनं मला दोन भाषांत गप्प बसायला शिकवलं. मैदानावर बोलावं लागत नाही, पळावं लागतं, म्हणून मला फुटबॉल आवडला. पळता पळता मी नॉर्वेतल्या एका बंदराच्या गावापर्यंत पोचले. तिथे माणसांपेक्षा बोटी जास्त आणि बोटींपेक्षा समुद्रपक्षी जास्त. तिथल्या क्लबनं मला एका वर्षाच्या करारावर घेतलं.

पहिला हंगाम संपवून मी सुट्टीला घरी निघाले तेव्हा कोच बाईंनी मला बाजूला घेतलं. "नवीन फॉरवर्ड येतेय. डेन्मार्कची. उंच आहे. जानेवारीत दोघींची चाचणी घेईन. तुझा करार वाढवायचा की नाही, ते त्यानंतर. घरी जा, आराम कर, पाय सांभाळ."

पाय सांभाळणं किती सोपं! घरीच तर चालले होते.

घरी आले तर आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि जाहीर केलं, "रविवारी गावाला जायचंय. तुझा नवस फेडायचाय."

"माझा कसला नवस?"

"तू विमानात बसलीस त्या दिवशी बोलले होते मी देवीला. पोरगी हातपाय धड घेऊन सुखरूप परत येऊ दे, तिच्या भारंभार गूळ वाटीन."

म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मी बसायचं आणि दुसऱ्या पारड्यात माझ्या वजनाइतका गूळ. मग तो अख्ख्या गावाला वाटायचा. सगळ्यांसमोर. पैठणी नेसून. मला हे अजिबात करायचं नव्हतं. मी आईच्या डोळ्याला डोळा भिडवून ठामपणे म्हणाले, "बरं."

आमचं गाव शेंद्र्याच्या पुढं. पप्पा शेंद्र्यालाच एका कारखान्यात आहेत, पण गावाकडची सूत्रं आत्याकडं असतात. आणि मुकुंदवाडीचे आमचे मामा हे कुठल्याही कार्यात न नेमता नेमले गेलेले व्यवस्थापक. आत्यानं मला बघितलं आणि गालावरून हात फिरवला.

"अगं माय! किती वाळली ही! तिथं जेवायला देतात का नाय?"

(हे वाक्य लक्षात ठेवा. अर्ध्या तासात आत्या ते साफ विसरली.)

मामांनी कुठल्याशा बंद पडलेल्या आडतीवरून धान्य तोलायचा जुना काटा पैदा केला होता. आडवी दांडी, जाड साखळ्या, दोन्हीकडं लाकडी पारडी. देवळासमोर मंडपाचा लोखंडी पाईप होता, त्याला तो टांगला. सगळं गाव जमलं. मी पैठणी सावरत पारड्यात मांडी घालून बसले आणि जमिनीकडं बघू लागले. जमीन जवळच होती.

आईनं गुळाचा अंदाज माझ्या बारावीतल्या वजनावरून बांधला होता. बारावीनंतर मी फक्त मांड्या कमावल्या आहेत, हे तिच्या हिशेबात नव्हतं. गुळाच्या ढेपा एकेक करून समोरच्या पारड्यात चढल्या. संपल्या. माझं पारडं जमिनीवरून हललं नाही.

सगळ्या गावानं वाकून माझ्या पारड्याखाली बघितलं.

"काटा अडकला असंल," मामा म्हणाले. त्यांनी दांडी हलवून पाहिली. अडकलेला नव्हता.

"अजून टाका," पुजारी म्हणाले.

दुकानातून गूळ आणला. टाकला. मी जमिनीवरच. मग घराघरातून गूळ यायला लागला. संक्रांत तोंडावर होती, बायकांनी तिळगुळासाठी आणून ठेवलेला गूळसुद्धा पदराखालून काढून दिला. एका आजीबाईंनी चहातला खडा आणून ठेवला, हात जोडले आणि पुटपुटल्या, "उठ गं बाई आता."

"तिथं लईच खायला घालतात वाटतं!" आत्या म्हणाली. मोठ्यानं.

"स्नायू आहेत ते, आत्या," मी पुटपुटले.

"काय म्हणती?"

"म्हणती वायू हाय," मागून कुणीतरी सांगितलं.

"मामा, एक नारळ टाकू का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"नारळ चालत नाय. नवस गुळाचा हाय. देवीला फसवायचं व्हय?"

"मग पोरीला जरा पुढं सरकून बसायला सांगा."

मी पुढं सरकले. मागं सरकले. श्वास रोखून धरला. (श्वास रोखून वजन कमी होत नाही हे मी विज्ञानात शिकले होते. पण त्या क्षणी कुठल्याही माध्यमाचं शिक्षण उपयोगी पडलं नाही.)

शेवटी मामांची सहनशक्ती संपली. ते कुणाच्या तरी गाडीतून अख्खी मोठी ढेप खांद्यावर घेऊन आले आणि "बोला देवी माते की!" म्हणत त्यांनी ती पारड्यात टाकली. ठेवली नाही. टाकली.

"जय!" गाव ओरडलं, आणि मी वर गेले.

वरून मला मंडपाचं छत जवळून दिसलं, मागचं शेत दिसलं, आईचे जोडलेले हात दिसले. तेवढ्यात गुळाचं पारडं जमिनीवर आपटलं, ढेपा घरंगळून खाली पडल्या, ते पारडं हलकं झालं आणि मी वर गेले तशीच खाली आले. धप्प!

पडून मला काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात आजही मामांना दोष देतात. मी उठले, पैठणी झटकली. आईच्या जिवात जीव आला. गोष्ट इथं संपली असती.

पण देवळासमोरच्या जागेला उतार आहे. त्या उतारावरून मामांची मोठी ढेप गोल गोल घरंगळत आत्याच्या दिशेनं निघाली होती. आत्या उलटीकडं तोंड करून कुणाला तरी माझ्या वजनाबद्दल सांगत होती.

माझ्यासमोरून एखादी गोल वस्तू वेगानं जायला लागली की मी विचार करत नाही. लहानपणापासून करत आले नाही, म्हणून तर पगार मिळतो. मी दोन पावलं धावले, पैठणी हातात धरली आणि उजव्या पायानं ढेप अडवली.

ती थांबली. माझा घोटाही थांबला, फक्त जरा वेगळ्या दिशेला.

टाळ्या! "आडवली! लेकीनं आडवली!" मी जमिनीवर बसले आणि सवयीनं फाऊल मिळेल म्हणून रेफ्रीकडं बघितलं. समोर पुजारी होते. त्यांनी अक्षता टाकल्या.

घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला. मामा म्हणाले, "माझ्या वळखीचा एक पैलवान हाय, हाडं बसवतो. एका झटक्यात—" "झटका नको!" मी म्हणाले. हे त्या दिवसातलं माझं सगळ्यात मोठ्यानं बोललेलं वाक्य. आत्या मात्र उपकाराखाली दबली होती. मी ढेप अडवली नसती तर आज तिचाच पाय गेला असता, असं सगळ्यांना सांगत तिनं गूळ आणि चुना कालवला आणि गरम गरम लेप माझ्या पायावर थापला. गुळानं मोडलं ते गूळच जोडणार, असा एकंदर विचार होता. मी नको म्हणणार होते. मी "बरं" म्हणाले.

आई देवळाच्या पायरीवर बसली होती. "मी हातपाय धड राहावेत म्हणून बोलले होते गं," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. माझा घोटा ठणकत होता, चाचणी तोंडावर आली होती, ती उंच डेन्मार्कवाली कुठेतरी बर्फात पळत असणार, पण आईकडं बघून मला तेवढंच सुचलं, "आई, गूळ लई गोड आहे." मी चाखला नव्हता.

परतताना गाडीत पप्पा मागं बसले, माझा पाय मांडीवर घेऊन. लेप त्यांच्या नव्या पँटला चिकटला. खड्डा आला की पाय अलगद उचलून धरायचे, खड्डा गेला की खाली ठेवायचे. गारखेड्यापर्यंत त्यांनी एकही खड्डा चुकवला नाही. आताही बंदरावर वारा सुटला आणि घोटा दुखायला लागला की मला आधी तो हात आठवतो, मग गूळ.

घरी पोचल्यावर क्लबच्या फिजिओला फोन लावणं भाग होतं. इन्ग्रिड तिचं नाव. अतिशय शांत बाई. स्क्रीनवर माझा पाय बघून ती पहिल्यांदा ओरडली, "हा काळा का पडलाय?"

"तो गूळ आहे."

"आणि हे काय हलतंय?"

मी खाली बघितलं. "मुंग्या," मी म्हणाले.

इन्ग्रिडनं चष्मा काढला. "मला सुरुवातीपासून सांग. तू कुठून पडलीस?"

"पडून काही झालं नाही. मला गुळाबरोबर तोलत होते—"

"कोण?"

"घरचे."

"का?"

"मी सुखरूप यावं म्हणून."

तेवढ्यात आमच्याबरोबर घरी आलेल्या मामांनी फोनमध्ये डोकं घातलं. "हॅलो मॅडम! नो टेन्शन! फुल टीमचा गूळ पाठवतो!"

इन्ग्रिडनं चष्मा परत घातला. मग म्हणाली, "ते धू. बर्फ लाव. आणि कृपा करून कुटुंबापासून दूर राहा."

चाचणीच्या दिवशी मी लंगडत नॉर्वेत पोचले. कोच बाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी घोटा बघितला, मला बघितलं आणि डेन्मार्कवालीला संघात घेतलं. मला तेवढ्या एका हंगामापुरतं राखीव म्हणून ठेवलं. हंगामाचे सुरुवातीचे सगळे सामने मी बाकावर ब्लँकेट गुंडाळून बसून काढले. आई प्रत्येक सामन्यानंतर फोन करायची.

"किती गोल केलेस?"

"आई, मी बसून होते."

"बस, बस. घाई नको करू."

मग एका सामन्यात डेन्मार्कवाली दमली आणि शेवटच्या थोड्या मिनिटांसाठी मला उतरवलं. उजव्या पायाची भीती अजून गेली नव्हती. चेंडू आला तेव्हा मी तो डाव्या पायानं मारला. माझा डावा पाय आयुष्यभर फक्त उभं राहायला होता. चेंडू जाळ्यात गेला. सगळ्यात जास्त आश्चर्य मला वाटलं. त्यानंतर मी दोन्ही पायांनी मारायला शिकले, जागा परत मिळाली आणि हंगाम संपायला आला तेव्हा कोच बाईंनी नवा करार समोर ठेवला.

खेळाडूंनी काय काय करायचं नाही, याची करारात नेहमी एक ओळ असते: स्कीइंग नको, मोटरसायकल नको, घोड्यावर बसायचं नाही. माझ्या करारात त्याखाली आणखी एक ओळ होती. बाकी कुणाच्याही करारात ती नव्हती, मी विचारून घेतलं. खेळाडूनं कोणत्याही खाद्यपदार्थाच्या बदल्यात स्वतःला तोलून घ्यायचं नाही.

मी सही केली आणि आईला फोन लावला.

"करार वाढला, आई!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "देवीच पावली. अगं, पण पुजारी म्हणत होते की त्या वेळी काटा स्थिर झालाच नव्हता. नवस अर्धाच राहिला. या खेपेला गूळ नको, पेढे घेऊ. मऊ असतात. घरंगळत नाहीत."

मी सगळं सांगणार होते. करारातली ओळ, कोच बाई, इन्ग्रिड, सगळं. चार-चार बचावपटू समोर असले तरी मी वाट काढते, त्यासाठीच हे लोक मला इतक्या लांबून बोलावतात. मी खोल श्वास घेतला.

"कंदी घे," मी म्हणाले.